कानानं धरायची मरळ

आमच्या ऑफिसात डबा खायला समोर बसणारा सहकारी जेवताना मोबाईल बघतो आणि आवाज कधी कमी करत नाही. त्याचा मला मनापासून राग आहे. गेल्या वर्षी हिवाळा सरत असताना मी अशीच मान खाली घालून भाजीतली वांगी बाजूला सारत होते, तेवढ्यात त्याच्या मोबाईलमधून आवाज यायला लागला. टक-टक, टक-टक, टक-टक. डबीत चिंचोके घालून कोणी पाण्यावरून चालत निघाल्यासारखा. आणि मग एकदम भळ्ळक.

"मरळ आहे," मी वर न बघताच म्हणाले.

"मॅडम, तुम्हाले न पाहता कसं समजलं?" त्याचा घास हातातच राहिला.

कसं म्हणजे काय? माझं माहेर सिंदेवाहीकडे, जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळेला, म्हणजे बांधाला, टेकलेलं घर. बाबा जाळं टाकायचे, माय टोपली घेऊन बाजाराला जायची, आणि आम्ही पोरं अंगणात बसून पाण्याचे आवाज ओळखायचो. रोहू उडी मारतो तेव्हा चापट बसल्यासारखं वाजतं. मरळीला मधूनमधून हवा घ्यायला वर यावं लागतं, तेव्हा बाटलीचं बूच निघाल्यासारखा बारीक आवाज होतो. तीच मरळ बेडकावर पडली की धोंडा पडल्यासारखा. या खेळात बाबांना कोणी कधी हरवलं नाही.

पुढे बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. गेलेली नजर परत येणार नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. त्यांनी जाळं दुसऱ्याला देऊन टाकलं. बांबूची गरी छपराला खोचून ठेवली, कारण गरीनं मासा धरायचा तर पाण्यावरचं बूच बुडताना दिसावं लागतं. मग ते अंगणातल्या बाजेवर बसले ते बसलेच. सुरुवातीला निदान आवाज तरी सांगायचे, "रोहू उडला." नंतर तेही बंद झालं. मी सुट्टीत गेले की माय चुलीपाशी कुजबुजायची, "माणूस हाय का गाठोडं, मले तं समजूनच नाई राह्यलं." मला बाबांची कीव यायची आणि संतापही यायचा. हा माणूस असा बसून बसून संपणार, याची मला भीती वाटत होती.

म्हणून तो भळ्ळक ऐकून माझा डबा तसाच राहिला. मी मोबाईल त्याच्या हातातून ओढूनच घेतला. पडद्यावर एक माणूस बोटभर लांबीची प्लास्टिकची मासोळी पाण्यावर चालवत होता. ही बुडत नाही, तरंगते. हातातल्या रॉडला बारीकसा झटका दिला की तिचं तोंड डावीकडे वळतं, दोरी ढिली सोडून पुन्हा झटका दिला की उजवीकडे. अशी ती नागमोडी चालत येते, पोटातले छर्रे वाजतात, आणि खालून मरळ तिच्यावर तुटून पडते. बूच नाही, बुडणं नाही, खाली बघायचं काहीच नाही. जे घडतं ते वर घडतं आणि वाजून घडतं.

हे डोळ्यांचं काम नव्हतंच. मला इतका आनंद झाला की मी त्या सहकाऱ्याला माझी सगळी भाजी देऊन टाकली.

संध्याकाळी बाबांना फोन केला. ते आधी हूं-हूं करत होते. सहकाऱ्याकडून मागून घेतलेल्या व्हिडिओचा आवाज मी त्यांना ऐकवला, दोनदा ऐकवला.

"डावा-उजवा चालते वाट्टे ते," बाबा म्हणाले.

"हो ना."

"काठी कडक घेजो. टोकाले लोटा लटकवून पाह्य. वाकली तं घेऊ नोको."

हा आमच्या घरचा नियम. बाबा बांबूची गरी निवडायचे ती अशीच. जंगलातून आणलेल्या काठ्या ओळीनं धरायच्या, प्रत्येकीच्या टोकाला भरलेला लोटा टांगायचा, जी झुकेल ती माय चुलीत घालायची. जी ताठ राहील ती गरी. गावात सगळेच असं करतात आणि त्यात काही चूक आहे असं मलाही वाटलं नव्हतं.

रविवारी मी नोकरीच्या गावाहून, बल्लारपूरहून, चंद्रपूर गाठलं. बाजारात जाळी, दोऱ्या, गळ विकणारं एक जुनं दुकान आहे, तिथे हल्ली रॉडही मिळतात. माझ्याजवळ लोटा नव्हता, पाण्याची भरलेली बाटली होती. ती ओढणीच्या टोकानं बांधून मी एकेका रॉडला लटकवायला लागले. दुकानदार भाऊ आधी हसले, मग म्हणाले, "बाई, रॉड घेऊन राह्यल्या का तराजू?" मी लक्ष दिलं नाही. सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत कडक रॉड घेतला, रीळ घेतलं, दोरी घेतली, ती टकटकणारी मासोळी घेतली आणि पुढच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सिंदेवाहीच्या गाडीत बसले. गाडीत तो रॉड दारापासून खिडकीपर्यंत आडवा झाला होता, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता सांगत होते की हा माझ्या बाबांसाठी आहे.

सकाळी ऊन पाळेवर आलं तेव्हा मी बाबांचा हात धरून त्यांना दगडांवर बसवलं. तलावात पाणी बरंच होतं. पाणी सोडायच्या तुडुमाजवळ गवत नव्हतं, मोकळी जागा होती. "तुडुमाकडे तोंड करा," मी सांगितलं. बस, तेवढंच पुरलं. त्या माणसाला तलाव पाठ होता. फेक थोडी आखूड पडली, पण नेमकी दिशेला पडली.

आणि मग अडचणी सुरू झाल्या. बाबा खाली बसलेले, रॉड लांब, त्यामुळे मासोळीला झटका द्यायला टोक खाली नेलं की ते पाण्यावर फाटकन आपटायचं. मासोळीआधी टोकच वाजायचं. तरी बाबांनी मनगट वर उचलून कसंबसं जमवलं. टक-टक, टक-टक. आणि तुडुमापाशी भळ्ळक.

बाबांनी हिसका दिला. असा हिसका, की मासोळी पाण्यातून सुटली, हवेतून सणसणत आली आणि माझ्या ओढणीत रुतली.

दुसऱ्यांदा तेच झालं. मी ओरडले, "बाबा, थांबा थोडं. आवाज आला म्हणजे तोंडात गेली असं नाई. वजन लागू द्या, मग ओढा." ते "हो" म्हणाले. तिसऱ्यांदा भळ्ळक झालं आणि माझा 'थांबा' तोंडातून निघायच्या आत हिसका बसलेला होता. गरीवर जन्म काढलेला हात तो. बूच हललं की ओढायचं, उशीर केला की मासा गेला, एवढंच त्याला माहीत. मी चिडून काहीतरी पुटपुटले. ते मी पुटपुटायला नको होतं, पण माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

बाबांनी रॉड हळूच दगडावर ठेवला. "घरी नेऊन दे मले. तुही माय म्हन्ते तेच बरं. गाठोडंच बरा मी."

म्हणजे चुलीपाशी कुजबुजलेलं त्यांनी ऐकलं होतं. ऐकणारच. आम्ही दोघी कोणाच्या घरात कुजबुजत होतो, हेच विसरलो होतो.

परतीच्या गाडीत मी रडले, आणि रडून झाल्यावर मला फार राग आला. बाबांचा नाही, त्या रॉडचा. मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. मरळ पडते, मासोळी दिसेनाशी होते, माणूस एक श्वास थांबतो आणि मग ओढतो. पुन्हा लावला. या वेळी माणसाकडे न बघता रॉडकडे बघितलं. त्याचा रॉड मधोमध चांगला वाकत होता. ओढ बसायच्या आधी रॉड वाकण्यात थोडा वेळ जात होता. कडक काठीत तो वेळच नसतो. हात हलला की टोक हललं, आणि मरळीनं तोंड मिटायच्या आत तिच्या तोंडातला घास आपणच हिसकावला.

थांबायचं काम बाबांना जमणार नव्हतं. ते रॉडकडे सोपवायचं होतं. हे सुचल्यावर मी मूल स्टेशनाच्या अलीकडेच उठून उभी राहिले, जशी काही गाडी माझ्या उभं राहण्यानं लवकर पोचणार होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी पुन्हा चंद्रपूरच्या दुकानात हजर. भाऊंनी मला बघून पाण्याची बाटली स्वतःच पुढे केली.

"बाटली नको," मी म्हणाले. "आज तुम्ही मरळ व्हा."

"मी?"

"हो. या मासोळीचे गळ काढून द्या. तिला दोन बोटांत हलकी धरा. ओढ जाणवली की मूठ आवळा. तुमच्या मुठीत राहिली तर मरळ धरली, सुटली तर गेली."

"सकायपासून गिऱ्हाईक नाई, चला, मरळ तं मरळ," असं म्हणत ते काउंटरच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. मी डोळे गच्च मिटले, कारण बाबांना जसं वाटणार तसंच मला वाटायला हवं होतं, आणि जीव खाऊन हिसका दिला. माझा जुना कडक रॉड होता. मासोळी सुटून पंख्याला लागली.

मग एक आखूड, अगदी मऊ रॉड. तो मुठीपासून वाकला. भाऊंनी आरामात मूठ आवळली. पण त्या रॉडनं मासोळी चालवायला गेले तर झटका टोकापर्यंत पोचेचना. काउंटरच्या काचेवर ती मेल्यासारखी सरळ घसरत आली. असला रॉड धरेल, पण मरळीला बोलावणार कोण?

तोवर दुकानात बघे जमले होते. एकानं भाऊंना सल्ला दिला की मरळीनं तोंड असं करायचं नसतं. मी एकामागून एक रॉड घेत होते, डोळे मिटत होते, हिसके देत होते. हाताला घाम फुटला होता आणि मला बरेच दिवसांत इतकी मजा आली नव्हती. शेवटी एक हाती आला. उभी राहिले की माझ्या डोक्याच्या थोडा वर, म्हणजे बसून धरला तरी टोक पाण्याला लागणार नाही. टोक चपळ होतं, नुसत्या मनगटानं काचेवरची मासोळी डावी-उजवी मान टाकत आली. वजनालाही इतका हलका की सकाळभर धरला तरी हात भरून येऊ नये. आणि हिसका दिला तेव्हा तो मधून वाकला, क्षणभर रेंगाळला, आणि मग दोरी ताठ झाली.

डोळे उघडले तर भाऊ मूठ आवळून उभे होते, पुढे ओढले गेलेले, पोट काउंटरला टेकलेलं. "आता सोडा बाई," ते म्हणाले.

पुढच्या सुट्टीत बाबा पाळेवर यायला तयार नव्हते. मी मऊ बोलून बघितलं, मग माझ्या नेहमीच्या आवाजात बोलले. शेवटी मायनंच त्यांच्या हाताला धरून बाजेवरून उठवलं आणि म्हणाली, "जा ना जी. मले भाजीले काई नाई आज." टोपलीत वांगी दिसत होती. ती तिनं पदराखाली घेतली. बाबांना ती दिसणार नव्हतीच, पण तिला राहवलं नसेल.

दगडांवर बसल्यावर बाबांनी रॉड हातात घेतला आणि जन्माच्या सवयीनं टोकाकडून दाबून बघितला. "वाकून राह्यला हा. लोटा नाई लावला का?"

"नाई लावला. वाकतो, म्हणूनच घेतला."

त्यांनी मासोळी फेकली. या वेळी टोक पाण्याला लागलं नाही. टक-टक, टक-टक, मध्ये थोडं थांबून पुन्हा टक-टक. बाबांची मान एका बाजूला कलली होती. मी त्यांना काहीही सांगायचं नाही असं ठरवलं होतं आणि त्यासाठी ओढणीचं टोक दातांत धरून ठेवलं होतं.

भळ्ळक.

बाबांनी हिसका दिला. तोच, जुना, आंधळा हिसका. रॉड वाकला. वाकून राहिला. आणि मग सरळ व्हायच्या ऐवजी आणखी वाकला, आणि रीळ किर्र करून ओरडायला लागलं.

"हाय," बाबा म्हणाले. मग मोठ्यानं, "हाय, हाय, लागून हाय." ते बसल्या जागी गुडघ्यावर आले होते. मी त्यांचा सदरा मागून धरून ठेवला, नाहीतर ते पाण्यात गेले असते. मरळ तुडुमाकडे धावली, तिथून गवताकडे, आणि प्रत्येक वळण मला दिसायच्या आधी बाबा सांगत होते. शेवटी मी पाण्यात उतरून तिला दोन्ही हातांनी वर घेतलं. हाताएवढी मरळ. बाबांनी तिच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवला, दोनदा फिरवला. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते तलावाचं नव्हतं.

त्या रात्री आम्ही मरळीचं कालवण खाल्लं. वांगी कोणी विचारली नाहीत.

पहाटे कोणीतरी माझी चादर ओढली. अंगणात पूर्ण काळोख होता, अजून कोंबडाही आरवला नव्हता. बाबा रॉड खांद्यावर टाकून उभे होते.

"बाबा, थोडं उजाडू तर द्या," मी म्हणाले.

"काऊन?" बाबा म्हणाले. "उजेड तुले लागते. मले नाई."

मी मोबाईलचा टॉर्च लावून चपला शोधत होते, तोवर ते फाटकाशी पोचलेही होते.