ज्ञानेश्वरीकाकूंचं अडून बसलेलं खोकं

मिरजगावात ज्ञानेश्वरीकाकूंच्या रांगोळीला तोड नव्हती. लग्न असो की बारसं, काकू अंगणात उकिडव्या बसल्या की भोवती बायकांचं कोंडाळं जमायचं. मग गुडघे रुसले. डॉक्टरांनी जमिनीवर बसायची साफ बंदी केली आणि काकूंचे हात रिकामे झाले. या बाईला रिकाम्या हातांनी बसवणं म्हणजे शिक्षाच की! वर्षभर त्या कुणाच्या अंगणाकडे बघेनाशा झाल्या होत्या. शेवटी लेकाने पुण्याला जाताना आपला कॉम्प्युटर त्यांच्या हवाली केला, आणि काकू खुर्चीत बसून माऊसने ठिपके मांडायला लागल्या.

नवऱ्याला, म्हणजे कल्याणकाकांना, हे प्रकरण मुळीच पसंत नव्हतं. ते कॉम्प्युटरला ‘खोकं’ म्हणायचे. चहा उशिरा आला की खोक्यामुळे, भाजी खारट झाली की खोक्यामुळे.

यंदा दिवाळीच्या तोंडावर काकूंनी मोठी उडी घेतली. घरबसल्या रांगोळीचा क्लास! कोपरगावपासून कर्जतपर्यंतच्या बायकांनी नावं दिली. पण क्लासचा प्रोग्रॅम उघडला, तर जुन्या सिस्टीमवर चालणार नाही, नवी टाका, अशी पाटी समोर आली. क्लास उद्यावर आलेला. दुसरी कुणी असती तर घाबरली असती, काकूंना मात्र चेव चढला. सगळ्या रांगोळ्या पेनड्राइव्हवर उतरवून त्यांनी अपग्रेड सुरू केलं.

पडद्यावर टक्क्यांचा आकडा चढू लागला. काकू पदर खोचून समोर बसल्या. निम्म्यावर आला आणि फट्! पडदा काळा. परत चालू केलं तर मशीन म्हणालं, अपग्रेड जमलं नाही, जुनी सिस्टीम परत आणतोय.

“लाइटीनं घात केला,” असं म्हणून त्यांनी इन्व्हर्टरवर लावलं. पुन्हा फट्! मग मोबाईलचं नेट जोडलं, नको त्या फायली पुसून जागा केली, प्रिंटरची वायरसुद्धा उपटली. दर वेळी आकडा चढायचा, काकूंचा जीवही त्याच्यासोबत चढायचा, आणि दोघंही धाडकन खाली यायचे.

“भंगारवाल्याला दे आता,” काका दारातून म्हणाले. “लई झालं.”

“अहो, गप बसा जरा! माझा उद्या क्लास हाय.”

तेवढ्यात काकूंच्या लक्षात एक गोष्ट आली. मशीन दर वेळी वेगळ्याच आकड्यावर मरत होतं. सिस्टीममध्ये खोट असती तर एकाच जागी अडलं असतं ना? म्हणजे हे अडत नव्हतं, दमत होतं! त्यांनी खोक्याच्या डोक्यावरच्या जाळीवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. एरवी त्या जाळीतून पंख्याचं वारं यायचं. आज वाऱ्याचा पत्ता नव्हता.

“सापडलं!” काकू इतक्या जोरात ओरडल्या की काकांच्या हातातला चहा सांडला.

वायर काढून, खोकं निवल्यावर त्यांनी झाकण खोललं. वरच्या पंख्याच्या पात्यांत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या गुंतलेल्या, आणि कडेला अडकलेले तांदळाचे दाणे. पंखा हलायला जागाच नव्हती.

“उंदरानं नेलं असंल,” काका घाईघाईने म्हणाले.

काकूंनी एक दाणा चिमटीत धरून उजेडात नेला. दाणा लाल होता.

“उंदीर कुंकू लावून तांदूळ खातो व्हय?”

काका उपरण्याने हात पुसत राहिले. खंडेनवमीला काकू बहिणीकडे कोपरगावला गेल्या होत्या. घरी हे एकटेच. काकूंनी तो लाल दाणा त्यांच्यापुढे धरला. काका शेवटी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “टॅक्टरची पूजा केली, कोयत्याची केली. मग तुझ्या ह्याचीच न्हाई कशी करायची? तुझं हत्यार हाय ते. हात रिकामे हुते तवा तुझं त्वांड मी बघितलंय.”

काकूंना एकदम भरून आलं. इतकी वर्षं ज्याला हा माणूस खोकं म्हणत आला, त्याला यांनी एकट्याने बसून कुंकू लावलं होतं! पण रडायला सवड कुठे होती? त्यांनी भुवया काढायच्या चिमट्याने एकेक पाकळी उपसली, रांगोळीच्या ब्रशने पाती झाडली आणि झाकण लावून पुन्हा अपग्रेड सुरू केलं. पंखा भर्रकन फिरला.

आकडा निम्म्यावर आला. पुढे गेला! काकू खुर्चीची कड धरून बसल्या. मशीन एकदा बंद होऊन चालू झालं, पुन्हा बंद होऊन पुन्हा चालू झालं, आणि निळाशार नवा पडदा उघडला. काकूंनी टाळ्याच वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर साऱ्या बायका हजर झाल्या. काकूंनी पहिला ठिपका ठेवला. तेवढ्यात एकीने विचारलं, “काकू, मागं कोण उभंय ओ?”

“माझे मालक हायेत,” काकू हसत म्हणाल्या.

काका जाळीवर तळहात धरून उभे होते.

“वारं येतंय,” त्यांनी हळूच सांगितलं. “तू शिकव.”