पूर्वजन्माचा दाखला

मुलुंडमध्ये माणूस निवृत्त झाला की त्याला दोन गोष्टी होतात, मधुमेह आणि कादंबरी. पहिलीवर औषध आहे. दुसरी घेऊन तो माझ्याकडे येतो. मी नाहूरला राहते आणि घरातच मराठी टायपिंगचं आणि मुद्रितं तपासायचं काम करते. वीस वर्षांत मी इतक्या निवृत्तांच्या वेलांट्या नीट केल्या आहेत की कुणी हात जोडून "थोडंफार लिहितो" म्हणालं की मला आधी त्याच्या ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती वाटते.

हा गृहस्थ गेल्या वर्षी आला. कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, हे त्यानं चपला काढता काढताच सांगितलं. साडीच्या दुकानातल्या चेनच्या पिशवीत हातानं लिहिलेली चारशे पानं. दर गुरुवारी दुपारी तो रिक्षानं यायचा, झालेलं काम बघायचा आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचा. चहा विचारला तर म्हणायचा, ॲसिडिटी आहे.

"माझी कादंबरी भविष्यातली आहे, मॅडम," पहिल्याच दिवशी तो म्हणाला. "डिस्टोपिया. मराठीत असं कुणी केलेलंच नाही."

मराठीत काय झालेलं नाही, हे मराठीत काहीच न वाचलेल्या माणसाला अगदी पक्कं ठाऊक असतं.

त्या कादंबरीत पुढच्या शतकातली मुंबई होती. पुनर्जन्म खरा असल्याचं सिद्ध झालेलं. बाळ जन्मलं की तिसऱ्या दिवशी त्याला पूर्वजन्म नोंदणी कार्यालयात न्यायचं. तिथलं यंत्र बाळाचा मागचा जन्म वाचतं आणि दाखला काढून देतं. दाखल्यावर तीनच वर्ग: उत्तम, मध्यम आणि शेष. मग शाळा त्यावरून, वस्ती त्यावरून, काम त्यावरून, लग्न त्यावरून. शेष वर्गातल्यांनी उत्तमांच्या नळाला हात लावायचा नाही. मागच्या जन्मी पाप केलं होतंस, आता फेड.

"कल्पना करा, मॅडम!" तो डोळे मोठे करून म्हणाला. "माणूस जन्मला की त्याचं काम ठरलेलं! आणि वर त्यालाच सांगायचं, ही तुझीच करणी! अंगावर काटा येतो की नाही?"

मी कल्पना करत असल्याचा चेहरा केला. माझ्या आजोबांना कल्पना करावी लागली नव्हती. गावातली मेलेली गुरं ओढायचं काम त्यांना जन्मतःच मिळालं होतं, आणि त्यासाठी कुणाला यंत्र आणावं लागलं नव्हतं. हा माणूस मुलुंडच्या चौदाव्या मजल्यावर बसून ते नव्यानं शोधून काढत होता आणि स्वतःच्या कल्पनाशक्तीनं थक्क होत होता. मला हसावं की पेपरवेट फेकून मारावा, कळेना.

"फार वेगळी कल्पना आहे, सर," मी म्हणाले. गिऱ्हाईक होतं.

आता माझ्या कामाची पद्धत सांगते. मुद्रित एकट्यानं तपासलं की चुका निसटतात, कारण डोळा मेंदूचं ऐकतो. म्हणून एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्यानं समोरच्या छापील कागदावर पेन्सिल फिरवायची. छापखान्यात यासाठी माणूस असायचा. माझ्याकडे आई आहे. आई चाळिशीनंतर वाचायला शिकली, विहारात दुपारी बायकांचा वर्ग भरायचा तिथं. त्यामुळं ती एकही अक्षर गाळत नाही. आपल्यासारखं नजरेनं उड्या मारत वाचणं तिला येतच नाही. "त्यानं आकाशाकडे पाहिलं पूर्णविराम अवतरण सुरू हे दैवा उद्गार," असं ती एका सुरात वाचत जाते. हा लेखक उद्गारचिन्हांचा भोक्ता होता. दुसऱ्या दिवशीच आईनं चष्मा काढून विचारलं, "ह्याला सारखं वरडायला काय झालंय गं?"

दोन महिने आम्ही दोघी ती कादंबरी अशी चघळत होतो. आई वाचायची आणि मी टिंगल करायची. नायक उत्तम वर्गातला, गोरा, तरतरीत, व्हायोलिन वाजवणारा. लेखक स्वतः तसा नव्हता, पण आरशाचा आणि लेखकाचा मुलुंडात फारसा संबंध येत नाही. पुढं दाखल्याची नवी प्रत काढताना कार्यालयातल्या कारकुनाच्या चुकीनं नायकाला शेष वर्गाचा दाखला मिळतो, आणि त्याची रवानगी होते थेट कचऱ्याच्या डोंगरावर.

ते प्रकरण मी आईपासून लपवायचा प्रयत्न केला. "हे मी एकटीच बघते," म्हणाले. कारण माझी आई बावीस वर्षं देवनारच्या डम्पिंगवर कचरा वेचत होती. मी जन्मले गोवंडीला, डम्पिंगच्या भिंतीपासून चार गल्ल्या अलीकडं. माझी शाळेची पहिली कंपासपेटी त्या डोंगरावरून आलेली, झाकणाला पोचा असलेली. आई ओळखून होती. तिनं गठ्ठ्यातून पानं काढून घेतली आणि नेहमीच्या सुरात वाचायला लागली.

दुर्गंधीवर अडीच पानं होती. आई थांबली. "वास पहिले दोन दिवस येतो. मग डोळे झोंबतात, धुरानं. ते कुठं लिवलंय?"

नायक चंद्रप्रकाशात हातानं कचरा उपसतो, असं होतं. "हातानं? आकडी कुठाय ह्याची?" आकडी म्हणजे कचरा उचकायची लोखंडी सळई, टोकाला वाकवलेली. तिच्याशिवाय तिथं पाऊल टाकलं की दुपारपर्यंत तळहाताला काच लागलीच म्हणून समजा. "वेडाय का हा," आई म्हणाली आणि पुढं वाचू लागली.

त्या प्रकरणात एक बाई येते. तिला नाव नाही. नायकाचे पाय सोलवटलेले बघून ती त्याला स्वतःच्या प्लास्टिकच्या चपला देते, तोंडातला घास काढून खायला देते, आणि तो रडत असेल तेव्हा पाठीवरून हात फिरवते. मग प्रकरणाच्या सातव्या पानावर कारकुनाची चूक सापडते. नोंद दुरुस्त होते. उत्तम वर्गाची गाडी नायकाला न्यायला येते, फाटक उघडतं, तो मागं न बघता बाहेर पडतो, आणि पुढचं अख्खं प्रकरण त्याच्या व्हायोलिनचं आहे.

म्हणजे चारशे पानं ज्याला घाबरायचं ते इतकंच होतं की चुकीच्या माणसाला शेष म्हटलं गेलं. बरोबर माणसाला म्हटलं असतं तर कादंबरीच झाली नसती. मी पेन्सिल टेबलावर आपटली. "बघ, लबाड मेला! वळून बघितलं पण नाही. तिच्याच चपला घालून गेला!"

आई ते पान पुन्हा चाळत होती. "मग ती बाई कुठं गेली?"

"कुठं जाणार? तिथंच."

"तसं लिवायला पाहिजे ना मग."

येत्या गुरुवारी तिनं स्वतःच विचारायचं ठरवलं. एरवी गिऱ्हाईक आलं की ती आतल्या खोलीत जायची. त्या दिवशी बाहेरच बसली. खरं सांगायचं तर मला तिला आत जा म्हणावंसं वाटत होतं.

"सायेब," ती म्हणाली, "तो पोरगा सुटला. ती चपला देणारी बाई कुठं गेली?"

तो हसला. "वा, मावशी वाचतात का?" तो आईहून फार तर सहा वर्षांनी लहान असेल. पण आमच्या उपनगरात धुणं-भांड्याला येणारी बाई मावशी असते, आणि त्यानं बघताक्षणी आईला त्या खणात टाकलं. "अहो, ते गौण पात्र आहे. आणि तिच्या बाबतीत काही अन्याय नाहीये ना. तिची नोंद बरोबर होती."

हे तो सहज म्हणाला, बाटलीचं झाकण फिरवत. याला वाढताना कुणीच कधी टोकलं नसेल का, असा प्रश्न मला पडला.

"तिथलं वातावरण मात्र उतरलंय, काय?" तो म्हणाला. "मी मुद्दाम गोवंडीला जाऊन आलो होतो. गाडीतून. काच खाली करवेना. कशी राहतात हो माणसं? मावशी, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

आईनं तोंड उघडलं. तिच्याआधी मी बोलले.

"चेंबूरच्या," मी म्हणाले. "आम्ही चेंबूरचे."

वीस वर्षं मी हेच सांगत आले आहे. गोवंडी म्हटलं की गिऱ्हाईक कागदाचा वास घेतं. कामाच्या पाटीवर मी नुसतं नाव लावलंय, आडनाव नाही. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आहे, ती चालते, हल्ली सगळेच शोभेला ठेवतात. तिच्याशेजारचा निळ्या कोटातला फोटो मी आतल्या खोलीत नेला. आईला सांगितलं, बाहेर ऊन लागून रंग उडतो.

"छान, छान, चेंबूर," तो म्हणाला आणि पिशवीची चेन लावून गेला.

त्या संध्याकाळी व्हायोलिनचं प्रकरण वाचायचं होतं. आईनं पानं घेतली, चष्मा लावला, पण वाचेना.

"दोन महिने त्या पोराला शिव्या देतेस," ती म्हणाली. "मागं वळून बघितलं नाही म्हणून."

"मग? चुकीचं आहे का?"

"तो तरी कागदावरचा हाय."

एवढंच म्हणाली आणि वाचायला लागली, स्वल्पविराम, पूर्णविराम, एकही न गाळता. मला समोरची अक्षरं दिसेनात. त्या पानांवर सतरा चुका राहिल्या, नंतर सापडल्या. मला इतकी लाज वाटली की आई ओरडली असती तर बरं, असं वाटत होतं. मी माझा दाखला स्वतःच बदलून घेतला होता. फाटकातून बाहेर पडले होते, तिच्याच चपला घालून. आणि दर गुरुवारी ती आतल्या खोलीत, त्या फोटोबरोबर.

पुढच्या गुरुवारी काम संपवून द्यायचं होतं. मी सकाळीच फोटो बाहेर आणून मूर्तीशेजारी लावला. आईनं बघितलं, पदरानं काच पुसली आणि नेहमीच्या जागी बसली. मला वाटलं, आज या माणसाची अशी खरडपट्टी काढू की मुलुंडपर्यंत ऐकू जाईल. तो आला, भिंतीकडं त्याची नजर गेली, परत आली. त्यानं गठ्ठा हातात घेतला, पानं फर्रकन सोडली आणि विचारलं, "काही शंका राहिल्यात का, मॅडम?"

"एक आहे," मी म्हणाले. "मी चेंबूरची नाही. मी गोवंडीची. ही माझी आई. हिनं बावीस वर्षं देवनारच्या डम्पिंगवर कचरा वेचलाय, आणि तुमच्या कादंबरीतली प्रत्येक मात्रा हिनं वाचून तपासलीय. तिथं हातानं कुणी कचरा उपसत नाही. आकडी लागते. आणि ती बाई कुठं गेली, हे तुम्हाला लिहायला लागेल."

तो ओशाळेल असं मला वाटलं होतं. चिडेल, निदान गडबडेल तरी. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कॉम्प्युटर पाहिला, शब्दकोशांचं कपाट पाहिलं, आणि त्याचा चेहरा खुलला.

"काय सांगता!" तो मनापासून म्हणाला. "तुमच्याकडं बघून अजिबात वाटत नाही हो."

त्यानं ते कौतुकानं म्हटलं. बक्षीस दिल्यासारखं. आणि हेच वाक्य ऐकायला मिळावं म्हणून मी वीस वर्षं खपले होते, हे आई माझ्या शेजारी बसलेली असताना मला कळलं.