रिकामा दिसणारा पूल

वसईची थेरेसा डाबरे दुबई मरीनातल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर असते. तिच्या काउंटरसमोरच्या भिंतीवर एक जुना फोटो आहे. इंग्लंडमधल्या कुठल्याशा नदीवरचा झुलता पूल, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुरुवातीच्या वर्षांतला. दगडी मनोरे, जाड साखळ्या, खाली दुधासारखं पाणी. पुलावर चिटपाखरू नाही. पाहुण्यांची गर्दी झाली की थेरेसा त्या पुलाकडे बघून घ्यायची.

तिची मुलगी ऑड्री अल ऐनला कॉलेजात शिकते. सुट्टीत ती आईला न्यायला हॉटेलवर आली, तेव्हा थेरेसा म्हणाली, "बघ, किती शांत! एक माणूस नाही."

"ममा, इट वॉज फुल ऑफ पीपल!" ऑड्री हसली. "कॅमेरा वॉज टू स्लो. एका फोटोला कितीतरी मिनिटं लागायची, म्हणून चालणारे लोक त्यात आलेच नाहीत."

थेरेसा फोटोला नाक लावून पाहू लागली. कठड्यापाशी एक काळा ठिपका होता. टोपी! कुणीतरी पाण्याकडे बघत थांबला होता, तेवढाच उरला होता. तिने सगळ्या स्टाफला बोलावून ती टोपी दाखवली.

"मलाही असाच फोटो हवा," गाडीत बसताच ती म्हणाली.

ऑड्रीने बुटांच्या खोक्याला सुईने भोक पाडलं, आत फोटोचा कागद लावला. शनिवारी सकाळी तिघं मरीनाच्या पुलावर गेली. थेरेसाचा नवरा विल्फ्रेड चक्क सूट घालून आला होता.

"टू मिनिट्स, डोन्ट मूव्ह!" म्हणत ऑड्रीने भोकावरची पट्टी काढली.

थेरेसा श्वास रोखून उभी राहिली. बाजूने सायकलवाले, बाबागाड्या चालल्या होत्या. तेवढ्यात विल्फ्रेड ओठ न हलवता पुटपुटला, "अगं, नाक खाजतंय माझं."

संपलंच! थेरेसा पोट धरधरून हसली. विल्फ्रेड मात्र तसाच ताठ.

घरी बाथरूममध्ये लाल दिवा लावून कागद धुतला. पूल आला, टॉवर आले, सूटमधला गंभीर विल्फ्रेड आला. शेजारी थेरेसाच्या चपला स्पष्ट दिसत होत्या आणि वर नुसतं धुकं.

"वी विल डू इट अगेन," ऑड्री हिरमुसली.

"अजिबात नाही! एवढी हसले होते मी, ते आलंय ना त्यात," थेरेसा म्हणाली आणि तो फोटो तिने हॉलमध्ये लावला.

हॉटेलात ही बातमी पसरली. आता ऑड्री आली की शनिवारी पुलावर फोटोसाठी स्टाफची गर्दी असते. परवा हाउसकीपिंगची हाफिजा बहिणीला घेऊन नटूनथटून आली होती. "यल्ला, चला, उभ्या राहा," म्हणत थेरेसाने हाफिजाची ओढणी सारखी केली.