मामंजींचे शेरे

आमच्या सोसायटीतलं ग्रंथालय निघालं ते माझ्या सासऱ्यांच्या रिकामपणातून. ऐंशीच्या दशकात आम्ही दादर सोडून नेरूळला राहायला आलो, तेव्हा मामंजी नुकतेच निवृत्त झाले होते. दिवसभर घरात बसून ते माझ्या आमटीतलं मीठ, पोळ्यांचे काठ आणि रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईंचे उच्चार यांत चुका काढायचे. घरातल्या चुका पुरेनात, तेव्हा त्यांनी सोसायटीच्या ऑफिसमागची खोली मागून घेतली, दोन लोखंडी कपाटं मिळवली आणि पुस्तकं गोळा केली. मला बिनपगारी ग्रंथपाल नेमलं. अर्थात, मला न विचारता.

वाचताना मामंजींच्या हातात शिसपेन्सिल असायची. समासात ते बारीक अक्षरात शेरे मारत. ‘हे गृहस्थ मागच्या प्रकरणात पुण्याला गेले होते, परत कधी आले?’ ‘दोन पानं नुसता सूर्यास्त. पुढे चला.’ सभासदांना याची इतकी गोडी लागली की पुस्तक नेण्याआधी ते समास चाळून बघत. मला मात्र संताप यायचा. दुसऱ्यांनी पान दुमडलं तरी ओरडणारा माणूस स्वतः पुस्तकं रंगवत होता. मी भांडले तर म्हणाले, “लेखक समोर असता तर तोंडावर बोललो असतो.”

“मग बोलवा की लेखकाला,” मी म्हणाले.

एवढं निमित्त पुरलं. दर जानेवारीत दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेत लेखकांच्या मेळाव्याचा मांडव पडू लागला. तीन लेखक, सतरंज्या, चिवडा, कॉफी. जवळच्या शिरवण्यापासून खाडीकाठच्या सारसोळ्यापर्यंतचे सभासद यायचे. आमच्याकडे रीत एकच होती: लेखकाने सही करायची ती ग्रंथालयाच्या वापरातल्या प्रतीवर. कोऱ्या पुस्तकावर कोणीही सही देतं, दहा घरं फिरून आलेल्यावर द्यावी, असं मामंजींचं म्हणणं. गंमत म्हणजे, सहीसाठी ते स्वतः शेरे नसलेल्या प्रती निवडून ठेवत. लेखक प्रत्यक्ष समोर आला की आमचे मामंजी भलतेच गोड होत आणि त्याला चिवड्याचा आग्रह करत.

तिसऱ्या वर्षी श्रावणात मामंजी गेले. दोन दिवसांचा ताप, आणि संपलं.

जानेवारी आला तेव्हा मेळावा सोसायटीच्या अध्यक्षांनी हातात घेतला. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांनी खटपट करून एका नावाजलेल्या कादंबरीकारांना कबूल करवलं. त्या वर्षीच्या तिन्ही लेखकांच्या पुस्तकांची एकेकच प्रत होती आणि तिन्हींचे समास भरलेले. अध्यक्ष माझ्याकडे आले.

“वहिनी, टेन्शन घेऊ नका. खोडरबर घ्या आणि सगळं साफ करून टाका. एवढा मोठा माणूस येतोय, आपली लाज जायला नको.”

मला ते पटलं. दुपारी बसून दोन पुस्तकं मी पहिल्यापासून शेवटपर्यंत खोडली. मांडीवरचा भुगा झटकला आणि एकदम लक्षात आलं की आपण काय करतोय. पाच महिने घरात चुका काढणारं कोणी नव्हतं. त्यांचं बोलणं कुठे उरलं असेल तर ते या समासांत, आणि मी ते झटकून जमिनीवर टाकत होते. मला रडू आलं आणि स्वतःचा भयंकर रागही आला. तिसरं पुस्तक, त्या कादंबरीकारांचं, मी तसंच मिटलं. अध्यक्षांना सांगितलं, “झालं पुसून.”

मेळाव्यात कादंबरीकार छान बोलले. मग मी सहीसाठी पुस्तक पुढे केलं. पहिल्या पानावर सही करून ते परत देतील, अशी माझी समजूत. त्यांनी पानं चाळायला घेतली. एका पानावर थांबले, चष्मा चढवला आणि माईकसमोरच वाचलं, “ओहोटीला होड्या निघाल्या? लेखक महाशय, एकदा सारसोळ्याला येऊन बघा.”

अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला सतरंजीखाली जावंसं वाटलं.

“साहेब, सॉरी, कुणीतरी वात्रटपणा केलाय,” ते घाईने म्हणाले. “ही प्रत आजच बाद करतो.”

बाद म्हणजे रद्दी. मी उठले. “वात्रटपणा नाही, माझ्या सासऱ्यांनी लिहिलंय. आणि ही प्रत बाद होणार नाही.”

“कुठे आहेत ते?” कादंबरीकारांनी विचारलं. “मला त्यांच्याशी बोलायचंय.”

“ते श्रावणात गेले.”

तेवढ्यात मागून आमचा एक सभासद उभा राहिला. हा सारसोळ्याचा, खाडीत मासेमारी करणारा. “सायेब, त्यांचं बरोबर हाय. ओहोटीला आमच्या खाडीत पानीच नसतं, होडी चिखलात रुतंल. मलाच इचारून गेले व्हते ते.”

कादंबरीकार त्याच्याकडे बघत राहिले आणि मग मोठ्याने हसले. त्यांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि मामंजींच्या शेऱ्याखाली लिहिलं, ‘मान्य. पुढच्या आवृत्तीत भरतीला काढतो.’ त्याखाली सही केली. टाळ्यांत सगळ्यात मोठी टाळी अध्यक्षांची होती.

त्या रविवारी सासूबाईंनी ते पुस्तक मागून घेतलं. एरवी त्या ग्रंथालयाकडे फिरकत नसत. यांच्या चुका काढण्याला आपण घरात पुरून उरलोय, तिथे कशाला जायचं, म्हणायच्या. दोन दिवसांत त्यांनी पुस्तक परत दिलं.

“एवढ्यात वाचून झालं?”

“गोष्ट कोण वाचतंय? ह्यांचं तेवढं वाचलं.” मग म्हणाल्या, “आणखी दोन लेखक आले होते ना गं? त्यांची पुस्तकं पण आण.”

मी दोन्ही पुस्तकं आणून त्यांच्यासमोर ठेवली आणि खरं ते सांगून टाकलं. त्या एक पुस्तक घेऊन खिडकीशी गेल्या, पान उजेडात तिरपं धरलं आणि कोऱ्या समासावरून बोट फिरवलं.

“दाबून लिहायचे,” त्या म्हणाल्या. “दिसतंय.”

आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचू लागल्या. मी आमटीखालचा गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.