दोन माणसांची घडी

इस्पितळाच्या धुलाईखान्यात मशीनवाला आणि घड्या घालणाऱ्या मावशी वर्षानुवर्षं शेजारी राबले. पण मावशींच्या घरी कोण कोण आहे, हेही त्याला धड ठाऊक नव्हतं. विचारायचा धीरच झाला नाही. ठाऊक होतं ते एवढंच, की मोठ्या चादरीच्या घडीला दोन माणसं लागतात आणि मावशी ती एकट्याच घालतात.

त्यांची जोडीदारीण इकडची काडी तिकडे करत नसे. सगळे तिला महाराणी म्हणत. वाळलेल्या कपड्यांच्या उबदार ढिगाला टेकून ती डुलक्या काढी आणि मावशी चादरीचं एक टोक हनुवटीखाली दाबून दुसरं हात ताणून धरत. खांदा दुखायला लागला, तशा त्या मुकादमाकडे गेल्या.

"जोडीदारीण बदला, साहेब. माझा हात कामातून जाईल."

"काम तर वेळेत होतंय, मावशी. मग अडलंय कुठे?"

त्या परत आल्या तसा मशीनवाला चिडला. "पडू द्या की एक दिवस ढीग! आपोआप डोळे उघडतील."

"आणि वरचे पेशंट उघड्या गादीवर झोपतील, त्याचं काय?"

शेवटी हात वर जाईनासा झाला. मुकादमाने मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. महाराणी होती तिथेच राहिली.

मावशी निघाल्या तेव्हा मशीनवाल्याला पुष्कळ बोलायचं होतं, पण तो मशीनमधून चादरी काढत राहिला.

"या चादरी ओलसर आहेत अजून," मावशी म्हणाल्या. "आणखी एकदा फिरवा."

"फिरवतो," तो म्हणाला.