नळ भिंतीबाहेर

वाढदिवसाला केक आपणच न्यायचा, ही जर्मन ऑफिसची रीत. मीही नेला. ड्युसेलडॉर्फच्या आमच्या कंपनीत मराठी आम्ही दोघंच. मी, आणि पुण्याचे एक सीनियर. त्यांना मी सर म्हणायची. त्यांच्यापुढे ताटली धरली.

"अगं, आज उपवास आहे."

दरवर्षी नेमका माझ्या वाढदिवसाला यांचा उपवास. बाकीच्यांचे केक चालतात. मी हसून पुढे गेले. हसायची सवयच लागली होती.

मग मीटिंग. युरोपात आसरा मागायला आलेल्या माणसांना दूरच्या एका बेटावर डांबायचं, ती छावणी बांधायचं आणि चालवायचं कंत्राट आम्हाला मिळालं होतं. ग्लास भरले गेले. सरांनीही घेतला. उपवासाला वाईन चालते, हे मला तेव्हा कळलं.

छावणीच्या पाण्याची लाईन माझ्याकडे होती. मी नकाशात खोल्यांमध्ये नळ दाखवले होते. बॉसने ते खोडले. नळ भिंतीबाहेर, चावी पहारेकऱ्याकडे. पाणी कमी लागेल, नफा वाढेल.

"आत माणसं तहानेनं तडफडतील," मी म्हणाले.

सर बॉसकडे वळले. "हिच्या वस्तीत असंच होतं. हिचं काही बिघडलं का?"

सगळे हसले.

वस्तीचं मीच त्यांना सांगितलं होतं. परक्या देशात आपलं माणूस म्हणून. गावच्या विहिरीवर आई लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे, कळशीला कळशी लागू न देता. अर्धं तिच्या अंगावर सांडायचं. कधी तेही नाही. मग आम्हाला म्हणायची, झोपा, तहान जाते. जात नाही, सर. खूप बिघडलं. आईचा तो ओला पदर आठवला आणि मी सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले.

मग डोळे पुसले.

"नाइन. नाही. हे काम मी करणार नाही. नळ आत घेतलेत तरी नाही."

बॉस शांतपणे म्हणाला, "तुमचा इथे राहायचा परवाना या नोकरीवर आहे ना?"

मी उठून निघाले. सर मागोमाग बाहेर आले. "वेडी आहेस का? लेकीची शाळा आहे इथे."

"तिला काय सांगू? आजीच्या विहिरीवर मीच पहारा बसवला?"

नोकरी गेली. परवान्याचं काही खरं नाही. आपण जाणार का, लेक जर्मनमध्ये विचारते, आणि माझा जीव तुटतो. शनिवारी कंपनीच्या दारासमोर या छावणीविरोधात लोक जमणार आहेत. मी माईक मागितलाय. ते बेट, ते बाहेरचे नळ, तहानेवर कमावलेला तो नफा, सगळं सांगणार. देश सोडावा लागला, तर बोलून सोडेन.