मुंगसाची वहिवाट

जगात सजीवांचे दोनच प्रकार असतात, एक वहिवाटदार आणि दुसरे अतिक्रमण करणारे, हे मला माझ्या पदवीनं नाही, आमच्या शेजाऱ्यांनी शिकवलं. मी बावीस वर्षं लातुरात जीवशास्त्र शिकवतो. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांकडून संघ, वर्ग, गण, कुळ अशी उतरंड घोकून घेतो. शेजाऱ्यांनी ती उतरंड एका वाक्यात निकालात काढली. "सर, ते लॅटिन राहू द्या बाजूला. आधी हे सांगा, त्याचा कब्जा किती वर्षांचा हाय?" हा प्रश्न त्यांनी न्हाणीघराच्या भिंतीवर बसलेल्या एका गोगलगायीबद्दल विचारला होता. मी गोगलगायीचं लॅटिन नाव आठवत राहिलो. गोगलगाय मात्र त्यांच्याकडे आशेनं बघत असावी, असं मला उगाच वाटलं.

शेजारी म्हणजे निवृत्त मंडळ अधिकारी. आमच्याकडची जुनी माणसं या पदाला अजून निजामाच्या वेळच्या शब्दानं गिरदावर म्हणतात, त्यामुळे अख्खी कॉलनी त्यांना गिरदावरसाहेब म्हणते. तीस वर्षांहून जास्त त्यांनी एकच काम केलं. कुणी कुणाचा बांध कोरला, कुणी कुणाची शेतात जायची वाट अडवली, ते जागेवर जाऊन बघायचं, पंचनामा करायचा आणि अहवाल वर पाठवायचा. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ घेऊन घरी आले, नारळ फोडून खोबरं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हातात टेप घेऊन अंगणात उतरले. माणसांची प्रकरणं संपली होती, आता मुंग्यांची निघाली.

मुंग्यांचं प्रकरण मी डोळ्यांनी पाहिलं आहे, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. त्यांच्या ओट्याखाली काळ्या मुंग्यांचं जुनं वारूळ होतं. एका उन्हाळ्यात तिथं लाल मुंग्या घुसल्या. दुसरा कुणी असता तर पावडर टाकून मोकळा झाला असता. साहेबांनी आधी काळ्या मुंग्यांच्या हद्दीला चार बाजूंनी चार खडे रोवले, गेरूनं रंगवले, मग खुर्ची टाकून बसले आणि लाल मुंग्यांच्या नावानं मोठ्यानं तीन वेळा पुकारा केला. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कुणी हजर झालं नाही तेव्हा त्यांनी एकतर्फी निकाल दिला आणि हद्दीवर हळदीची रेघ ओढून त्याची अंमलबजावणी केली. लाल मुंग्या हळद ओलांडत नाहीत, त्यामुळे निकाल टिकला. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाल्या, "पाव किलो हळद गेली, पर न्याय झाला."

काकूंच्या या सुरामागे कारणं होती. त्यांनी हौसेनं कुंडीत गुलाब लावला, तर त्याच कुंडीत आघाडा उगवला. काकू तो उपटायला गेल्या तर साहेबांनी हात धरला. आघाड्याचं बी आधीपासून मातीत होतं, म्हणजे मूळ कब्जेदार तो, गुलाब मागाहून आला. महिन्याभरात गुलाब वाळला आणि आघाडा कमरेपर्यंत आला. गणपतीच्या पत्रीला सगळी कॉलनी त्याच कुंडीतून आघाडा नेते, त्याचं श्रेयही साहेबच घेतात. काकू मला म्हणाल्या, "चाळीस वर्ष झाले मला या घरात येऊन. माझा कब्जा कुठं लिवलाय का, विचारा की एकदा तुमच्या साहेबाला." मी विचारलं नाही. उत्तर लेखी मिळालं असतं.

विजेच्या मीटरच्या पेटीत गांधीलमाश्यांचं पोळं आहे. तेही नोंदीतलं असल्यामुळे कुणी हात लावायचा नाही. रीडिंग घ्यायला येणाऱ्या माणसाला साहेब फाटकातच थांबवतात आणि दुर्बीण देतात. पहिल्या वेळी त्यानं दुर्बीण नाकारली होती. दुसऱ्या वेळी तो स्वतःहून मागायला लागला, तेव्हाही त्याचा एक डोळा पुरता उघडत नव्हता. पंचनाम्याला दोन पंच लागतात, त्यांपैकी एक साहेब मला करतात आणि दुसरी दिवाणखान्यातली पाल असते. मजकूर मोठ्यानं वाचून झाला आणि पाल चुकचुकली की साहेब टेबलावर बोटं आपटून "कृष्ण, कृष्ण" म्हणतात आणि पंच क्रमांक दोनची संमती धरतात. पाल गप्प राहिली तर मजकुरात कुठंतरी खोट आहे असं समजून पुन्हा वाचतात. एकदा एका चिमणीच्या घरट्याचा पंचनामा मी चार वेळा ऐकला आहे. शेवटी मीच तोंडानं चुकचुकलो.

आता असल्या माणसाकडे कॉलनीतली भांडणं यायला हवीत की नाही? यायची. कुणाची गाडी कुणाच्या दारात, कुणाचं पन्हाळं कुणाच्या अंगणात. लोक साहेबांच्या पाठीमागं त्यांना अर्धवट म्हणायचे आणि अडलं की त्यांच्याच ओट्यावर येऊन बसायचे. साहेब चहा पाजायचे आणि हात जोडायचे. "माणसाचे प्रकरणं मी घेत न्हाई आता. मुंगी खोटा दगड रोवत न्हाई, पाल साक्ष फिरवत न्हाई. लई बरं चालून राहिलंय माझं."

आमच्या दोघांचं मात्र बरं चालेनासं झालं ते भिंतीवरून. माझ्या आणि त्यांच्या अंगणांमध्ये आधी नुसती तारेची जाळी होती. माझ्या बायकोला पक्की भिंत हवी होती. गवंडी आला, पायाची दोरी ताणली, आणि तेवढ्यात साहेब टेप घेऊन आले. मला वाटलं, जागेचा वाद काढतात. तसं काही नव्हतं. माझ्या पलीकडच्या रिकाम्या प्लॉटात वेड्या बाभळी माजल्या आहेत. तिथून एक मुंगूस रोज सकाळी निघतं, माझ्या मोरीमागून जातं, जाळीखालून साहेबांच्या अंगणात शिरतं आणि शेवग्याखाली ठेवलेल्या भांड्यातलं पाणी पिऊन परत जातं. साहेब निवृत्त झाल्यापासून रोज ते बघत होते. मी जीवशास्त्राचा मास्तर, त्याच अंगणात रोज दात घासतो, आणि मला ते एकदाही दिसलं नव्हतं. माझ्याकडे मुंगूस फक्त अ, ब, क, ड या चार पर्यायांत येतं.

गवंड्याला बसवून ठेवून जागेवर पंचनामा झाला. त्याचा मजकूर माझ्याकडे अजून आहे. "मुंगसाची जुनी वहिवाट दिसून येते. तिची चतुःसीमा अशी: पूर्वेस सरांची मोरी, पश्चिमेस आमचा शेवगा, दक्षिणेस सरांची वापरात नसलेली सायकल, उत्तरेस तुळस. सबब भिंतीत जमिनीलगत नऊ इंच रुंद व नऊ इंच उंच वाट खुली ठेवावी." मी हसत सही केली. गवंडी म्हणाला, "सर, भितीला भोक ठेवायचंय तर भीत बांधता कामून?" त्याचं बरोबर होतं, पण भिंतीला भोक राहिलं आणि साहेबांनी त्याच्या कडेला गेरूचा एक पट्टा ओढला.

चारेक महिने मुंगूस त्या भोकातून ये-जा करत होतं. साहेबांनी सांगितल्यावर मलाही ते दोनदा दिसलं. मग दिवाळीनंतर मोरीजवळ सापाची कात सापडली. बायकोनं मला हाक मारली ती पार कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेली. ज्या भोकातून मुंगूस येतं त्यातून सापही येतो, हा तिचा मुद्दा. मुंगूस आहे म्हणून साप राहणार नाही, हा साहेबांचा मुद्दा मी तिच्या कानावर घातला, तर ती म्हणाली, "मुंगूस काय चोवीस तास ड्यूटीवर असतंय का?" साहेब दोन दिवस एका लग्नाला उदगीरला गेले होते. मी गवंड्याला बोलावलं. अर्ध्या तासात भोक बुजलं. माणूस गावाला गेलेला बघून मी वाट अडवली, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. मनात आलं ते एवढंच की परत आल्यावर एक पंचनामा ऐकावा लागेल.

तोही ऐकावा लागला नाही. साहेब परत आले, खुर्चीत बसले, भिंतीकडे बघितलं आणि थोड्या वेळानं माझ्या फाटकाशी आले. "सर, वाट बंद केली?" मी कात, बायको, भीती असं सगळं भराभर सांगितलं. "हाव, भीती खरी हाय," ते म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "वाट अडवली की सहा महिन्यांच्या आत अर्ज द्यावा लागतो. मंग कुणी ऐकत न्हाई. मुंगसाला काय लिहिता येत न्हाई. म्हणून म्हणलं तुमाला सांगावं." आणि चपला ओढत परत गेले. त्यानंतर मला पंच म्हणून बोलावणं बंद झालं. मी हा प्रसंग क्लासच्या स्टाफरूममध्ये त्यांच्या आवाजाची नक्कल करून कितीदा तरी सांगितला. मुंगसाच्या अर्जाला हमखास हशा मिळायचा. कुणी नवा मास्तर आला की बाकीचे मला ते पुन्हा सांगायला लावायचे.

वैशाखात एका सकाळी काकू माझ्या दारात आल्या. साहेबांचे धाकटे भाऊ गेले होते. गाव चाकूरच्या पलीकडे, एसटीची वेळ जुळत नव्हती, काकूंचा मुलगा पुण्याहून पोचेपर्यंत उशीर झाला असता. मी गाडी काढली. साहेब पुढं बसले. एरवी हा माणूस गाडीत बसला की तारेवरचा प्रत्येक पक्षी मोजतो, पण त्या दिवशी त्यांनी खिडकीबाहेर बघितलंही नाही. मागं बसलेल्या काकूंनीच मला हळूहळू सांगितलं. वाटणीत साहेबांचं शेत मागच्या बाजूला आलं, भावाचं पुढं. जायची वाट भावाच्या शेतातून. अकरा वर्षांपूर्वी कशावरून तरी बिनसलं आणि भावानं वाटेच्या तोंडाला बोरीच्या काट्या ओढल्या. तेव्हापासून साहेब शेतात गेलेले नाहीत. शेत दुसऱ्यालाच बटाईनं दिलं आहे, तो ओढ्यातून वळसा घालून जातो. दोन्ही भाऊ तेव्हापासून बोललेले नव्हते. जिल्हाभरातल्या वाटा मोकळ्या करून देणारा माणूस माझ्या शेजारी बसला होता, आणि ही गोष्ट कॉलनीत कुणालाच माहीत नव्हती.

आमच्याकडे माणसाला त्याच्या शेतातच अग्नी देतात. लोक त्या वाटेनंच निघाले होते. वाटेच्या तोंडाशी काट्या ओढून बाजूला टाकलेल्या होत्या आणि जिथं त्या इतकी वर्षं पडून होत्या तिथली माती पांढरी दिसत होती. पुतण्या थांबून म्हणाला, "मोठे आबा, या हिकडून. म्या काढल्यात सकाळीच." साहेब त्या पांढऱ्या मातीच्या अलीकडे उभे राहिले. खिशातून टेप काढतील की काय असं मला वाटलं, इतके ते टक लावून बघत होते. मग माझ्याकडे न बघता, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाले, "सहा महिने माझ्यापाशी बी होते, सर. अन् मला तर लिहिता येत होतं." सख्ख्या भावाच्या नावानं तो अर्ज त्यांनी लिहिला नव्हता. पण नुसतं जाऊन, बाबा रे, काट्या काढ, असंही म्हटलं नव्हतं. त्यांनी पाऊल उचलून त्या मातीवर ठेवलं, तेव्हा मला स्टाफरूममधला हशा आठवला आणि माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याची वाट न बघता छिन्नी-हातोडा घेऊन बसलो. बायको मोरीजवळ उभी होती. मला वाटलं, बोलेल. ती म्हणाली, "खालची वीट आधी सैल करा, म्हंजे भीत तडकायची न्हाई." भोक मोकळं झालं तेव्हा पलीकडे साहेब खुर्चीत दिसले. मी त्या भोकातूनच ओरडून सांगितलं, "साहेब, पाच महिने आणि अठरा दिवस झालेत. मुदतीत आहे." त्यांनी खरोखर बोटांवर मोजलं आणि मान हलवली.

तेव्हापासून मुंगूस आलेलं नाही. एकदा मांजर त्यातून गेलं, एकदा कुणाची तरी कोंबडी. मी चिडून कोंबडीला हाकलायला गेलो तर साहेब म्हणाले, "जाऊ द्या. वाट मोकळी असली की कोण जातंय ते विचारायचं नसतं." पुतण्याचा महिन्यातून एकदा फोन येतो, वाट मोकळीच ठेवलीय म्हणतो, पेरणी झाली, तूर आली, कधी येताय. मीही विचारलं, गाडी काढू का. साहेब भांड्यात ताजं पाणी ओतत होते. "जाऊ," ते म्हणाले. "आधी मुंगूस तर येऊ द्या."

म्हणून आता रोज सकाळी ते भिंतीच्या त्या बाजूला बसतात आणि मी या बाजूला, चहाचा कप घेऊन. लहानपणी मुंगसानं तोंड दाखवावं म्हणून आम्ही त्याला रामाची शपथ घालायचो. परवा ती शपथ मी मोठ्यानं घातली. बायको आतून म्हणाली की आता या कॉलनीत दोन झाले. भिंतीपलीकडून साहेबांचा आवाज आला, "जरा हळू, सर. भिऊन जाईल ते."